सातपानीची साक्ष

क्वामेना बेडननं सकाळची साखरेच्या आजाराची गोळी चुकवली, की त्याच्या घरात भांडणाला तोंड फुटायचं. "घेतली का?" असं अराबा शिलाई मशीनवरून विचारायची आणि तो चप्पल शोधायच्या निमित्तानं पलंगाखाली वाकायचा. बिचाऱ्याचंही खरं होतं. ती गोळी त्याच्या पोटाला सोसत नव्हती. घानातल्या सेकोंदीच्या बंदरापासून टाकोराडीच्या बाजारापर्यंत ट्रोट्रो, म्हणजे भाड्याची छोटी बस, हाकणारा माणूस तो. गाडीत माणसं, माशांच्या टोपल्या, कोंबड्या असं सगळं खच्चून भरलेलं, आणि ऐन वाटेत चालकाच्याच पोटात कळ! गाडी कडेला लावून हा झुडपात पळायचा. परत आला की मासेवाल्या बायका त्याला सोडतात होय? काल कुणाकडे जेवलास, बायकोनं मक्याची केंकी शिळी वाढली का, अशी सगळ्या गाडीची करमणूक व्हायची. माणसाला आजार सोसतो, थट्टा सोसत नाही.

दवाखान्यातल्या डॉक्टरणीनं त्याला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, की सोसली नाही तर येऊन सांगा, दुसरी देऊ. पण दवाखान्यात जायचं म्हणजे उजाडताच रांगेत बसायचं, दुपारी नंबर लागायचा आणि त्या दिवसाच्या फेऱ्या बुडायच्या. 'ही गोळी बदलून द्या' एवढं एकच वाक्य बोलायचं होतं. तेवढ्यासाठी आपल्याला वेळ नसतो, लोकहो. पुढे मग खाटेवर पडून राहायला वेळच वेळ मिळतो.

अशा वेळी मामे ओतुवा घरात आली. ही आमच्या चर्चच्या महिला मंडळाची पुढारी. सगळी गल्ली तिला मामे, म्हणजे आई म्हणायची. कुणाचं बाळंतपण असो, कुणाचं मयत असो, मामे सगळ्यात आधी हजर. तिनं अक्राहून हिरवे डबे आणले होते. डब्यावर सात पानं काढलेली आणि नाव सातपानी. साखर, रक्तदाब, सांधेदुखी, मूल न होणं, पुरुषांची ती कमजोरी, सगळ्यावर हीच पूड, सकाळी एक चमचा आणि संध्याकाळी एक. रेडिओवर कुणी डॉक्टर-प्रोफेसर असा दुहेरी किताब लावलेला माणूस तिचे गोडवे गायचा. गावातली सगळी कुलपं माझ्या एकाच किल्लीनं उघडतात असं कुणी म्हणालं, तर आपण त्याला चोर म्हणतो. औषधवाल्याला मात्र प्रोफेसर म्हणतो.

मामेनं अराबाला डबे विकायला दिले. अराबा लोभी नव्हती, हे आधीच सांगून टाकतो. जुन्या परदेशी कपड्यांचे गठ्ठे बाजारात आल्यापासून तिच्याकडे काबा, म्हणजे सणासुदीचे झगे-पोलकी, शिवायला येणाऱ्या बायका कमी झाल्या होत्या, हे खरं. पण तिनं पहिला डबा विकला नाही, नवऱ्याला दिला. तिचा विश्वास होता. पूड झाडापाल्याची, देवानं उगवलेली. वाईट कशी असेल?

आणि गुण आला की! आठवडाभरात क्वामेनाला भूक लागायला लागली, गुडघे दुखायचे थांबले, गाल भरले. गाडी हाकताना तो गाणी म्हणायला लागला. झुडपात पळणं बंद झालं, कारण गोळीच बंद झाली होती. मामे म्हणाली, दोन वाटांनी एकदम चालता येत नाही, पूड घ्यायची तर गोळ्या सोड. त्याला तेवढंच हवं होतं.

आमच्याकडे साक्षीला फार मान आहे. देवानं काही दिलं, संकटातून काढलं, की रविवारी पांढरं कापड नेसायचं, सगळ्यांपुढे उभं राहायचं आणि सांगायचं. लोक पांढरे रुमाल हलवतात, ढोल वाजतात. आणि एकदा दिलेली साक्ष परत घेता येत नाही. घेतली तर आपण देवालाच खोटं पाडलं असं होतं. हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नाही, पण लहान पोरालाही पाठ आहे. मामे ओतुवाला हे चांगलं ठाऊक होतं. रेडिओवरची जाहिरात लोक या कानानं ऐकतात, त्या कानानं सोडतात. शेजारच्या बाकावरच्या माणसाची साक्ष मात्र कुणी सोडत नाही. म्हणून जो जो सातपानी घेई आणि ज्याला ज्याला बरं वाटे, त्याला ती रविवारी उभी करायची.

क्वामेनासाठी अराबानं पांढरा सदरा शिवला, पांढरे नवे बूट घेतले. तो उभा राहिला आणि अर्धा हसत, अर्धा रडत म्हणाला, की देवानं मला सातपानीच्या रूपानं हात दिला, साखरेच्या गोळ्या मी समुद्रात फेकल्या. खरं तर गोळ्या घरी कपाटावर होत्या. पण साक्षीत समुद्र बरा दिसतो. रुमाल असे हलले की बगळ्यांचा थवा उठावा. दुसऱ्या दिवशी अराबाच्या दारात चपलांना जागा उरली नाही. रक्तदाबाच्या, सांध्यांच्या, मूल हव्या असलेल्या बायका डबे घेऊन गेल्या. जाताना प्रत्येकीला तिनं मामेचंच वाक्य सांगितलं, की दोन वाटांनी चालू नका.

त्या नव्या बुटानं क्वामेनाच्या अंगठ्याला फोड आला होता. साखरेनं त्याचे पाय आधीच बधिर झालेले, त्याला कळलंच नाही. कळलं तेव्हा अंगठ्याजवळचं कातडं काळं पडलं होतं आणि मोज्याला पू लागत होता. अराबा घाबरून मामेकडे गेली. मामे हसली. अगं वेडे, विष बाहेर पडतंय, शरीर साफ होतंय, चमचे दुप्पट कर. असं उत्तर किती सोयीचं असतं पाहा. बरं वाटलं तर पूड चांगली, आणि वाईट झालं तर पूड आणखी चांगली.

चमचे दुप्पट झाले. क्वामेनाला तहान लागायला लागली, तो बादलीभर पाणी प्यायचा आणि पुन्हा ओठ चाटायचा. पायाला प्लास्टिकची पिशवी गुंडाळून, वरून अत्तर ओतून तो गाडीवर जायचा. गाडीतल्या बायका आता थट्टा करत नव्हत्या. त्या गप्प राहून खिडक्या उघडायच्या.

अराबाला कळत होतं. तिनं मशीन चालवता चालवता तो वास घेतला होता, पिशवी धुतली होती, रडली होती. पण तिनं तोंड उघडलं नाही. त्याचं बरं होणं खोटं ठरलं, तर तिनं विकलेला एकेक डबा खोटा ठरत होता. आपण विकलं म्हणजे ते चांगलंच असलं पाहिजे, असं मनाला समजावण्यात बाईनं नवऱ्याचा पाय घालवला. हे तिनं स्वतःच पुढे मला सांगितलं.

अशात क्वामेनाची थोरली बहीण आबा तेचिवा केप कोस्टहून आली. जमिनीच्या कामाला आली होती. जन्मभर सरकारी इस्पितळात सुईण म्हणून काम केलेली, जिभेनं धारदार, अंगानं काटक बाई. आमच्यात पुरुष लग्नानंतरही आईच्या घराण्याचाच असतो. त्याच्यावर आधी बहिणीचा हक्क, मग बायकोचा. ती आली, दारातच थांबली आणि नाक वर केलं.

"घरात काय मेलंय?" तिनं विचारलं.

तिनं भावाला बाकावर बसवलं, पिशवी सोडली आणि बराच वेळ पायाकडे पाहिलं. मग पिशवी खाली ठेवली आणि अराबाला विचारलं की हा काय घेतो. अराबानं डबा पुढे केला.

"ह्यात काय आहे?"

"पानं आहेत, वन्सं. सात झाडांची."

"कुठल्या झाडांची?"

"ते गुपित आहे म्हणतात."

"गुपित." आबानं डबा उलटासुलटा केला. "अराबा, तू माप घेतल्याशिवाय कापडाला कात्री लावतेस?"

"नाही, वन्सं."

"का नाही?"

"कापड वाया जाईल."

"मग हा कापडापेक्षा स्वस्त झाला का गं?"

अराबाची मान खाली गेली. ती पुटपुटली, की झाडपाला तर आपले आजे-पणजेही घेत होते, तुम्हीही ताप आला की कडुनिंबाचा काढा पिता. आबा म्हणाली, पिते, अजूनही पिते. पण तो काढा कशाचा ते मला ठाऊक असतं, आणि काढा पिऊन मी हिवतापाची गोळी फेकून देत नाही. पाला वाईट असं कोण म्हणतंय? विषसुद्धा पाल्यातच असतं आणि औषधही पाल्यातच असतं. कुणाला किती द्यायचं, कुणाला मुळीच द्यायचं नाही, मूत्रपिंडाला काय होतं, दुसऱ्या गोळीबरोबर काय होतं, हे शेकडो माणसांवर कुणीतरी धीरानं तपासून पाहावं लागतं. तपासून पाहिलं ते औषध. न तपासता विकलं तो जुगार, आणि डाव लागतो तो दुसऱ्याच्या अंगाचा.

"पण ताई, मला बरं वाटलं होतं," क्वामेना म्हणाला. "देवाशपथ. भूक लागत होती, ताकद आली होती."

"वाटलं असेल. आता उठ. गाडी काढ, इस्पितळात चल."

तो उठला नाही. तो भिंतीकडे पाहत म्हणाला, "मी साक्ष दिलीय, ताई."

आबाला आधी कळलंच नाही. मग कळलं आणि ती मटकन बसली. जवळचा दवाखाना चर्चच्या समोर. तिथल्या बाकावर त्याला कुणी पाहिलं तर? टाकोराडीच्या मोठ्या इस्पितळात जावं, तर त्या रस्त्यावरचा प्रत्येक चालक त्याला नावानं हाक मारणारा. ज्यानं गोळ्या समुद्रात फेकल्या तोच गोळ्यांच्या रांगेत उभा, असं सगळं गाव म्हणेल. पाळक काय म्हणतील? ज्यांनी त्याचं ऐकून डबे घेतले त्या बायका काय म्हणतील? बहिणीनं शिव्या दिल्या, पाया पडली, आईची आण घातली. तो हलला नाही. देव पाहून घेईल, एवढंच म्हणत राहिला.

संध्याकाळी आबा अंगणात अराबाजवळ येऊन बसली. तिचा आवाज गेला होता. "काळं घोट्यापर्यंत आलंय. हा आठवडा निघाला तर पाय जाईल. त्यानंतर माणूस जाईल. त्याला मरायची भीती वाटत नाही गं, लाजेची वाटते. मी पुष्कळ माणसं मरताना पाहिली, लाजेनं मरणारा भाऊ मला पाहायचा नव्हता." आणि ती जन्मभराची कडक बाई पदरात तोंड घालून रडली.

अराबा तिथेच बसून राहिली. त्या रविवारी मामेनं तिलाच साक्षीला उभं करायचं ठरवलं होतं. धंद्याला बरकत आली, ह्याची साक्ष. पांढरं कापड शिवून तयार होतं.

रविवारी क्वामेना पुढच्या बाकावर बसला. पाय त्यानं बाकाखाली घेतला होता, आणि त्याच्या दोन्ही बाजूंची जागा रिकामी होती. अराबाचं नाव पुकारलं गेलं. ती पांढऱ्या कापडात उभी राहिली आणि तिनं माइक हातात घेतला. मामे ओतुवानं पहिल्या रांगेतून हसून मान हलवली.

"भावाबहिणींनो," अराबा म्हणाली, "माझा नवरा बरा झालेला नाही."

रुमाल अर्ध्यातच थांबले. ती घाईघाईनं बोलत सुटली, मध्ये थांबली तर पुन्हा बोलता येणार नाही अशी. त्याचा पाय सडलाय. तो वास तुम्हा सगळ्यांना येतोय आणि तुम्ही माझ्यासारखेच गप्प आहात. गोळ्या त्यानं समुद्रात फेकल्या नव्हत्या, कपाटावर आहेत. सातपानीत काय आहे ते मला माहीत नाही, मामेला माहीत नाही, आणि माहीत नसताना मी ती तुम्हाला विकली, वर तुमची औषधं सोडायला लावली. ज्यांनी सोडली त्यांनी आजच्या आज दवाखान्यात जा. पाळकांनी गडबडून ढोलवाल्यांना खूण केली. ढोल वाजायला लागले. अराबा ढोलांवर ओरडली, गळ्याच्या शिरा ताणून ओरडली, "देवानं त्याला बरं केलं असं आम्ही म्हणालो! देव तसं काहीच म्हणाला नव्हता!"

मामे उठून उभी राहिली आणि ओरडली, की हिच्यात अविश्वासाचं भूत शिरलंय. दोघी-तिघींनी अराबाच्या हातातून माइक ओढून घेतला. पण तोवर क्वामेना उठला होता. त्यानं बायकोकडे असं पाहिलं, की ती ते पाहणं मरेपर्यंत विसरणार नाही. तो लंगडत मधल्या वाटेनं बाहेर गेला. झाकायला आता काही उरलंच नव्हतं. बाहेर गाडीत आबा बसून होती. ती एवढंच म्हणाली, "चल." त्यानं गाडी सुरू केली. अराबा पांढऱ्या कापडानिशी धावत आली आणि मागच्या बाकावर बसली.  टाकोराडीपर्यंत गाडी त्यानं स्वतः चालवली, आणि ती शेवटची.

पाय गुडघ्याखाली कापावा लागला. थोडं आधी आणलं असतं तर अंगठ्यावर निभावलं असतं, असं तिथला तरुण डॉक्टर म्हणाला. आबानं सोबत आणलेली पूड त्यानं हातावर घेऊन पाहिली आणि सांगितलं, की ती तपासायला पाठवीन. पण एकाएकी भूक, अंगात जोर, फुगलेले गाल, दुखणं गायब, अशी माणसं आमच्याकडे बरीच येतात. अशा पुडींत पुष्कळदा एक जोरदार गोळी कुटून घातलेली असते. तिनं दोन दिवस माणूस घोड्यासारखा धावतो, आणि आत साखर भडकत जाते, जखम भरत नाही. पुढे तपासणीत तेच निघालं. अराबा भिंतीला टेकून ऐकत होती. गुण येतोय म्हणून तिनं देवाचे आभार मानले होते, तेव्हाच नवऱ्याचा पाय आतून जायला लागला होता.

क्वामेना बायकोशी महिनोन् महिने बोलला नाही. गाडी विकली गेली. तो अंगणात कुबड्या शेजारी ठेवून बसायचा, पाणीही शेजारणीकडे मागायचा. अराबानं उरलेले डबे खड्ड्यात पुरले आणि घरोघर फिरली. कुणी तोंडावर दार लावलं, कुणी तिला चेटकीण म्हटलं. काही बायका मात्र मागल्या दारानं आल्या, दबक्या आवाजात विचारायला. त्यांनीही साक्ष दिली होती ना! एकीला ती वेळेत दवाखान्यात घेऊन गेली. दुसरीचं अर्धं अंग आधीच लुळं पडलं होतं. तिच्या मुलांनी अराबाला उंबऱ्यावरूनच घालवून दिलं. काय चुकलं त्यांचं?

आणि मामे? मामेला काय होतंय! सातपानीचा बोभाटा झाला तसे हिरवे डबे गेले आणि पिवळे आले, नाव नवं, पानं पाचच. पुढच्या कापणीच्या सणाला, उपकारस्तुतीच्या दिवशी, बाजारातली टोमॅटोवाली क्रिस्ताबेल पांढरं नेसून उभी राहिली आणि सांगायला लागली, की रक्तदाबाच्या गोळ्या मी सोडल्या, आता डोकं दुखत नाही, देवाची स्तुती असो. रुमाल हलायला लागले. तेवढ्यात मागच्या बाकावरून कुबड्यांचा आवाज आला.

क्वामेना पुढे आला. तो उभा राहिल्यावर पाळकांना त्याला बसा म्हणवेना. त्यानं विजारीचा रिकामा पाय वर गुंडाळला, सगळ्यांना दिसेल असा.

"ही बहीण खोटं बोलत नाही," तो म्हणाला. "मीही बोललो नव्हतो. मला खरंच बरं वाटत होतं. पण बरं वाटणं वेगळं आणि बरं होणं वेगळं, हे कळायला माझा पाय गेला. तुम्हाला कळायला तुमचं काही जाऊ नये. प्रार्थना करा, मीही करतो. पण जे कुणी तपासलेलं नाही ते पोटात घालू नका. आणि कुणी गोळी सोड म्हणालं, तर आधी डॉक्टरला विचारा. तो रागावला तर रागावू दे. माझ्या बायकोनं इथे उभं राहून माझी अब्रू घालवली, म्हणून मी आज इथे उभा आहे. एवढीच माझी साक्ष."

रुमाल हलले नाहीत. अराबा बायकांच्या बाकावर बसून पदर तोंडात कोंबून रडत होती. इतक्या महिन्यांत त्यानं तिला पहिल्यांदाच 'माझी बायको' म्हटलं होतं.

लोकहो, शेजारी खात्रीनं सांगतो म्हणून, रेडिओ सांगतो म्हणून, पानाचं चित्र आहे म्हणून औषध होत नाही. आणि चूक कळल्यावर आपण फसलो हे चारचौघांत सांगायची लाज वाटते, ती लाज त्या पुडीइतकीच जीव घेते. एक बाई ती लाज गिळून बोलली, तेव्हा एक माणूस वाचला. थोडी आधी बोलली असती, तर सबंध वाचला असता.

उपासना सुटल्यावर बाहेर गर्दीत क्रिस्ताबेल अराबाच्या जवळ आली. मामेकडे पाठ करून ती उभी राहिली, पांढऱ्या कापडाचं टोक बोटांत पिळत, आणि हळूच म्हणाली, "ताई, उद्या सकाळी माझ्यासोबत दवाखान्यात याल का?"